हिरवी समाधी

चिमाजीला जगातल्या बऱ्याच गोष्टींचा तिटकारा होता. धरण बघायला येऊन धरणाकडं पाठ करून फोटो काढणारी पुण्याची माणसं, चहात साखर नको म्हणणारे, मिसळ तिखट आहे का असं मिसळीच्या हॉटेलात येऊन विचारणारे, या सगळ्यांना तो एकाच मापानं मोजायचा. ते माप म्हणजे नाकातून सोडलेला एक 'हं'. तो 'हं' ज्याच्या वाट्याला आला, तो माणूस चिमाजीच्या लेखी संपला.

भोरहून भाटघरकडं जाणाऱ्या रस्त्याला त्याचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पुढं पत्र्याचं शेड, त्यात बाकं, मागं राहतं घर, आणि दोन्हींच्या मधल्या दारात मोठी शेगडी. शेगडीवर रश्शाचं पातेलं उकळायला लागलं की रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोंचा वेग आपोआप कमी होतो, असं तो सांगायचा. मिसळ खरंच झणझणीत आणि चांगली होती. तेवढ्या एका पुण्याईवर लोक त्याचं तोंड सहन करत आले होते.

या वर्षी मात्र त्याच्या तिटकाऱ्याला घरातच चारा मिळाला. त्याची बायको अंबूबाई न्याहारीला पाला वाटून प्यायला लागली.

झालं होतं असं. शिमग्याच्या आसपास शेगडीवरचं पातेलं उतरवताना अंबूबाईला चक्कर आली. पातेलं वाचलं, ती मात्र दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. भोरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. चिमाजी दवाखान्याबाहेर मोटारसायकलवर बसून राहिला. आत गेलाच नाही. दवाखान्यात जाणं हे त्याला रिकामटेकड्यांचं काम वाटायचं.

"काय म्हनला?" ती बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"साखर काठावर हाय म्हनला. सकाळच्या पारी नुसता चा आन् पाव खाऊ नगा, भाजीपाला खा, चाला."

"काठावर हाय न्हवं? मग पडली म्हंजी बगू." त्यानं किक मारली. "बस."

वाटेत ती काही बोलली नाही. चिमाजीला ते बरंच वाटलं. आपल्या बोलण्यावर कुणी काही बोललं नाही म्हणजे आपलं बोलणं पटलं, असा त्याचा आयुष्यभराचा समज होता.

त्यांची मुलगी सोनिया शिरवळला दिलेली. तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला जायची. आईच्या चक्करेचं कळल्यावर सुट्टीच्या दिवशी ती आली ती पालकाच्या जुड्या, पुदिना, काकड्या घेऊनच. परसातल्या शेवग्याची कोवळी पानं तिनं ओरबाडली, आल्याचा तुकडा टाकला, लिंबू पिळलं, आणि सगळं मिक्सरमधून फिरवून स्टीलच्या उंच पेल्यात ओतलं. धरणाचं पाणी आटल्यावर काठच्या डबक्यांत जे साचतं, तसा त्याचा रंग होता.

"आई, याला स्मूदी म्हणतात. आमच्या कंपनीतल्या मॅडम रोज घेतात. तू सकाळी उठल्यावर पहिलं हेच घ्यायचं. चहा नंतर."

"समुदी," अंबूबाई म्हणाली आणि नाक दाबून प्याली. मधेच तिला उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं. पण तिनं पेला खाली ठेवला तो रिकामाच.

"आवडली?"

"न्हाई. पन जातीया घशाखाली."

दारात उभ्या असलेल्या चिमाजीला शब्द सापडला तो त्याच क्षणी. "समुदी न्हवं, समाधी म्हन. सकाळी सकाळी समाधी घे, म्हंजी दिवसभर कामाला हात लावाया नगं."

सोनिया म्हणाली, "आप्पा, तुम्ही पण घेऊन बघा की."

"हं," चिमाजी म्हणाला.

त्याला वाटलं होतं, लेक गेली की हे खूळही तिच्या पाठोपाठ एसटीत बसून जाईल. बाईमाणसाच्या निश्चयाबद्दल त्याचं मत फार काही बरं नव्हतं. त्याच्या आईनं धरलेले सोळा सोमवार चौथ्या सोमवारी सुटले होते, हा त्याचा आवडता दाखला. पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मिक्सर घरघरला आणि त्यात लसणीचा वास नव्हता. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला. अंबूबाई परसातल्या पायरीवर बसून, एकेक घोट तोंड वाकडं करत घ्यायची, पेला विसळायची, आणि मग चहाचं आधण ठेवायची.

खरं दुखणं इथंच होतं. पाल्याशी चिमाजीला काही देणंघेणं नव्हतं. म्हशी खातात, बायकोनं खाल्लं तर काय बिघडलं! पण लग्न झाल्यापासून या घरात सकाळचा पहिला कप त्याच्या हातात पडत आला होता. तो अंथरुणात उठून बसायचा आणि कप यायचा. मग गिऱ्हाइकांचं वाटण, मटकी, पाव. अंबूबाई काय खाते, कधी खाते, उभ्यानं खाते की बसून, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. रश्शाचं पातेलं खरवडून त्यात पाव बुडवून ती काहीतरी तोंडात टाकते, एवढं त्याला अंधुक माहीत होतं. आणि आता ती बाई त्याच्या आधी, त्याला ताटकळत ठेवून, पायरीवर पाटलिणीसारखी बसून पेला रिकामा करत होती. हे त्याला सांगताही येईना. 'माझा चहा आधी दे' असं म्हणणं म्हणजे आपण चहासाठी खोळंबलोय हे कबूल करणं. मग तो पाल्यावरच घसरायचा.

ऐकायला गेनू होताच. गेनू एसटीतनं रिटायर झालेला ड्रायव्हर. शेड उघडलं की पहिलं गिऱ्हाईक तो, आणि उन्हं वर आली तरी हलायचा नाही. चिमाजीला मनातून त्याचाही तिरस्कार होता, कारण तो एका चहावर बाक अडवायचा. पण गेनूला हसता छान यायचं, पोट धरून, खोकला येईपर्यंत. हसणारा माणूस फुकट मिळत असेल तर चिमाजी एक बाक सोडायला तयार होता.

"गेनू, आमची गायरानात गेलीया बग. पाणी पाजून आनतो."

गेनू हसायचा.

"गेनू, काल शेण जरा पातळ पडलं म्हनती. पेंड वाढवावी का?"

गेनूला खोकला यायचा. शेजारच्या बाकावरचे टेम्पोवालेही हसायचे. मधल्या दारातून हे सगळं स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू जायचं. अंबूबाई कांदा चिरत राहायची. सुरीचा आवाज तेवढा जरा मोठा व्हायचा.

एकदा चिमाजीनं शेवटचा उपाय केला. पहाटे ती परसात शेवग्याची पानं तोडायला गेली, तेवढ्यात त्यानं मिक्सरचं भांडं उचललं आणि मटकीच्या पोत्यात खुपसून वरून मटकी सारखी केली. मग अंथरुणात जाऊन बसला, कपाची वाट बघत.

अंबूबाई आली. फळीवर बघितलं, मोरीत बघितलं, पालथ्या घातलेल्या पातेल्यांखाली बघितलं. मग ती दारात येऊन नवऱ्याकडं बघत उभी राहिली. चिमाजीनं छताकडं बघितलं.

"भांडं कुठं हाय?"

"मला काय म्हाईत? शेळीनं खाल्लं आसंल."

ती आत गेली, पालकाची जुडी धुतली, शेवग्याची पानं धुतली, सगळं एका ताटात घेतलं आणि त्याच्यासमोर, बरोबर उंबऱ्यावर, येऊन बसली. मग एकेक पान तोंडात टाकून चावायला लागली. सावकाश. एक चावून गिळलं की दुसरं. तिचे मागचे दोन दात पडलेले. पालकाचे देठ तिला लवकर चावले जात नव्हते. रस्त्यावर दुधाचा टेम्पो येऊन हॉर्न वाजवून गेला. शेडच्या फळ्या अजून काढायच्या होत्या. ती चावत होती.

"शेळी निदान दूध देती," चिमाजी म्हणाला.

तिनं पुदिन्याची काडी उचलली.

आता बाहेर गेनूच्या खाकरण्याचा आवाज आला, त्याच्यापाठोपाठ कुणीतरी "शेठ, मिसळ झाली का?" म्हणून हाक मारली. आणि मग चिमाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या भांड्यात तिचा पाला फिरायचा, त्याच भांड्यात त्याच्या मिसळीचं वाटण फिरायचं. घरात दुसरं भांडं नव्हतं. तो उठला. तिला ओलांडून पोत्यापाशी गेला, कोपरापर्यंत हात घातला आणि भांडं बाहेर काढलं. मटकीचे दाणे फरशीवर टपटपले. अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तोंडातलं पान संपवलं, भांडं त्याच्या हातातून घेतलं, विसळलं आणि लसूण सोलायला बसली.

त्या दिवशी त्याला चहा मिळाला तो गिऱ्हाइकांच्या किटलीतला.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण चिमाजीला आपण हरलो असं वाटलं, आणि हरलेला माणूस गर्दी शोधतो.

गर्दी रविवारी मिळाली. पावसाळा सरत आला होता, धरण भरलं होतं, पुण्याच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. शेडमध्ये बसायला जागा नव्हती. पहाटेपासून वाटणं, मटकी, कांदा यात अंबूबाईला पाणी प्यायलाही उसंत मिळाली नव्हती. गर्दीचा पहिला रेटा ओसरल्यावर तिनं आपला पाला फिरवला, पेल्यात ओतला, आणि कुणीतरी पाव मागितले म्हणून पेला शेगडीच्या कट्ट्यावर ठेवून आत वळली.

चिमाजीनं पेला उचलला आणि शेडच्या मधोमध जाऊन उंच धरला.

"मंडळी, इकडं बगा! मिसळ तर तुमी कुठं बी खाल. ही आमच्या घरची पेशल. भाटघरचं शेवाळ! आमची बायको रोज पिती. आता फकस्त शेपूट फुटायचं राह्यलंय."

हशा पिकला. एक पोरगा मोबाईल काढून उभा राहिला. गेनू नेहमीच्या बाकावरून ओरडला, "अरं, पिऊन दाव की लेका! बोलून काय हुतंय?"

"पिऊन दाव! पिऊन दाव!" पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला.

चिमाजीनं पेला तोंडाला लावला, मोठा घोट घेतला, गाल फुगवले, डोळे फिरवले, आणि रस्त्याच्या बाजूला पिचकारी मारली. उरलेला पेला त्यानं त्याच ठिकाणी पालथा केला. मातीत हिरवं थारोळं झालं. लोक खो खो हसले. पाहुण्यांपैकी एक बाई तेवढी हसली नाही, पण एका बाईकडं कोण बघतो!

अंबूबाई पावाची लादी घेऊन दारात उभी होती. तिनं लादी कट्ट्यावर ठेवली, चिमाजीच्या हातातून पेला काढून घेतला आणि आत गेली. मिक्सर पुन्हा घरघरला. गिऱ्हाइकं ताटल्या घेऊन खोळंबली. कुणाला रस्सा हवा होता, कुणाला कांदा. ती भरलेला पेला घेऊन बाहेर आली, आणि शेड बांधल्यापासून जे कधी झालं नव्हतं ते झालं. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर, दोन अनोळखी माणसांच्या मधे जागा करून बसली आणि प्यायला लागली.

"ए, ऊठ," चिमाजी दातओठ खात म्हणाला. "लोक थांबल्याती."

"थांबू द्या. मी बी थांबल्ये."

"लाज वाटती का काई? धा मान्सांत बसून..." त्याला पुढचं सुचेना, आणि न सुचलेल्या माणसाच्या तोंडी येतं तेच त्याच्या तोंडी आलं. "येवढं मराया भ्या वाटतंय व्हय गं तुला?"

अंबूबाईनं पेला खाली घेतला. ओठांना हिरवं लागलं होतं ते पदरानं पुसलं.

"व्हय," ती म्हणाली. "वाटतंय."

तिचा आवाज चढला नव्हता. पण शेडमध्ये चमच्यांचा आवाज थांबला.

"मंगलआक्काला तुमीच उचलून टेम्पूत घातली हुती. तिचा पाय कापून आणल्याव तुमीच म्हनला हुता, लई हलकी झाली म्हून. तिची बी साखर आदी काठावरच हुती. तिला बी कुनीतरी म्हनलं हुतं, पडली म्हंजी बगू." ती थांबली. "मला मराया भ्या वाटतंय. आन् पाय कापून घ्यायचं त्याच्यापक्षी जास्ती वाटतंय. आता म्या हे पिऊ का?"

मंगल ही तिची थोरली बहीण, वरव्याला दिलेली. चिमाजी तिला विसरला होता असं नाही. मेलेल्या माणसाला विसरतात तसं विसरला होता, म्हणजे फोटोपुरतं आठवत होता. पण आता त्याला फोटो आठवला नाही. त्याला हातांवरचं ते ओझं आठवलं, गोधडीत गुंडाळलेलं, एका बाजूला भलतंच कमी. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आपला तोल त्या कमी बाजूला गेला होता, हेही आठवलं.

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं आणि त्यातून सवयीनं 'हं'च येऊ लागला. तो त्यानं कसाबसा गिळला.

मोबाईलवाल्या पोरानं मोबाईल खिशात घातला. ज्याला रस्सा हवा होता तो म्हणाला, "काकू, सावकाश होऊ द्या, आम्हाला घाई नाही." चिमाजीनं पळी उचलली आणि स्वतःच ताटल्यांत रस्सा वाढू लागला. एका ताटलीत दोनदा वाढला, एकीत वाढलाच नाही. अंबूबाईनं पेला संपवला, मग उठली.

त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशीही चिमाजीनं माफी वगैरे मागितली नाही. माफी मागणाऱ्या पुरुषांबद्दल त्याचं मत सर्वांना ठाऊक होतं. सकाळी शेड उघडल्यावर गेनू आला, बसला, आणि जणू काल काहीच झालं नाही अशा थाटात चिमाजीनं हाक टाकली, "गेनू, आमची समाधी चालू झाली बग."

गेनू हसला नाही. त्यानं बशीतला चहा फुंकला.

"चिमाजी, माझ्या घरात मिक्सर वाजायचा बंद झाल्याला लई दिस झालं," तो म्हणाला. "म्हून तर हितं येऊन बसतो. वाजतुया तवर वाजू दे."

गेनूची बायको वारल्याचं चिमाजीला माहीत होतं. पण गेनू बाक का अडवून बसतो, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. ड्रायव्हरलोक आळशीच असतात, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. तो आत निघून गेला.

पुढं त्यानं थट्टा सोडली, असं म्हणता येणार नाही. अधूनमधून तोंडातून निघायची, पण हसायला कुणी नसायचं, आणि एकट्यानं हसण्याइतका तो अजून बिघडला नव्हता. अंबूबाई आता रश्शाला उकळी आली की गॅस बारीक करून धरणाच्या रस्त्यानं चालायलाही जायला लागली. पायात सोनियानं आणलेले बूट, वर नऊवारी. तिला तसं जाताना बघून चिमाजीच्या जिभेवर जे जे आलं, ते ते त्यानं कांद्याच्या टोपलीत टाकलं.

भोरच्या बाजाराच्या दिवशी तो कांदे आणि मटकी आणायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "येताना पालक आना. परसातला शेवगा जून झालाय."

"मी गवत आनायला चाललू न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

बाजारात त्यानं कांदे घेतले, मटकी घेतली, मिरची बघून नाक मुरडलं. पालकवाल्या बाईसमोरून तो दोनदा गेला. तिसऱ्यांदा उभा राहिला.

"कशी दिली?"

"घ्या की शेठ, ताजी हाय. सकाळचीच तोडल्याली."

"ही ताजी? हं. हे आमच्या म्हशीम्होरं टाकलं तर म्हस तोंड फिरवंल." पण त्यानं जुड्या उचलल्या. कुठली चांगली, कुठली वाईट, हे कळत नव्हतं. आयुष्यात त्यानं पालेभाजी निवडून घेतली नव्हती. मोठ्या दिसल्या त्या घेतल्या. ओळखीचं कुणी बघत नाही ना, हे बघून त्या पिशवीत कोंबल्या आणि पिशवी टेम्पोत कांद्याच्या पोत्याआड सारली. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "पालक का?" तर "मेथी" म्हणाला.

घरी आल्यावर पिशवी त्यानं शेगडीच्या कट्ट्यावर टाकली, टाकली म्हणजे आपटलीच. अंबूबाईनं ती उघडली. जुडी सोडली, पानं पालथी करून बघितली.

"ही किडकी हाय. आन् ही जून. देठ बगा ह्याचं, बोटायेवढं. कुनी दिली तुमाला?"

"गवतात काय जून आन् काय कवळं!"

"डोळं न्हाईत का?"

"न्हाईत," चिमाजी म्हणाला आणि कांद्याचं पोतं उतरवायला बाहेर गेला.

अंबूबाई खाली बसली, परात ओढली आणि पालक निवडायला लागली. भोकं पडलेली पानं एका बाजूला, पिवळी दुसऱ्या बाजूला. चांगली निघाली ती थोडीच होती.